दार कधी उघडायचं, कधी लावायचं

ब्रिटनमध्ये सभागृह चालवायचं तर कायदा मालकाला बरंच काही विचारतो. आग लागली तर माणसं कोणत्या दारांनी बाहेर पडतील? स्वयंपाकघर स्वच्छ आहे का? स्वच्छतागृहं पुरेशी आहेत का? मद्याचा परवाना कोणाच्या नावावर आहे? पण इथे कोणी ठरवून माणसं मारायलाच आला तर तुम्ही काय करणार, हा प्रश्न बहुतेक सभागृहांना, नाट्यगृहांना, हॉटेलांना किंवा बाजारांना कोणत्याच कायद्याने विचारलेला नव्हता. पोलिसांची सल्लापत्रकं होती. ती वाचायची की फडताळात ठेवायची, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं.

आता तो प्रश्न कायद्यात आला आहे. 3 एप्रिल 2025 रोजी राजाची संमती मिळालेल्या या कायद्याचं अधिकृत नाव ‘टेररिझम (प्रोटेक्शन ऑफ प्रिमायसेस) ॲक्ट 2025’ असं आहे, पण लोक त्याला मार्टिनचा कायदा म्हणतात. दहशतवादाविरुद्धचा कायदा म्हटल्यावर कॅमेरे, स्कॅनर आणि बंदूकधारी पहारेकरी डोळ्यांपुढे येतात. हा कायदा वाचताना मी थक्क झालो ते वेगळ्याच कारणाने. त्याचा सगळ्यांत मोठा पसारा दार, माणसाचा आवाज आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांत कोणी काय करायचं याची आधीच झालेली बोलणी, एवढ्या साध्या गोष्टींवर उभा आहे.

मार्टिन हेट 29 वर्षांचा होता. 22 मे 2017 च्या रात्री तो मँचेस्टर अरीनात गायिका अरियाना ग्रांदेच्या कार्यक्रमाला गेला होता. कार्यक्रम संपला, माणसं बाहेर पडू लागली आणि 10 वाजून 31 मिनिटांनी एका आत्मघाती हल्लेखोराने स्फोट घडवला. मार्टिनसह 22 जण मारले गेले. त्यांत मुलं होती आणि मुलांना न्यायला आलेले आईबापही होते.

स्फोट प्रेक्षागृहात झाला नाही, तो बाहेरच्या सिटी रूम नावाच्या दालनात झाला. अरीनाची दारं आणि व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशन यांना जोडणारी ही वाट. तिकीट तपासायचं ते दारापाशी, पिशव्या बघायच्या त्याही दारापाशी. दालनात कोणीही यावं, थांबावं, जावं. गर्दी अरीनाची, पण जागा सगळ्यांची, म्हणून नेमकी जबाबदारी कोणाची ते धूसर. गर्दीच्या ठिकाणाची सर्वांत नाजूक जागा बहुधा अशीच उंबऱ्याबाहेर असते, कारण आतली तपासणी जितकी कडक होते तितकी बाहेर रांग वाढत जाते.

सर जॉन सॉन्डर्स यांनी या स्फोटाची चौकशी केली, तिच्या अहवालाचा पहिला खंड जून 2021 मध्ये आला. अरीनाच्या सुरक्षेचा त्यातला तपशील मन घट्ट करून वाचावा लागतो. हल्लेखोर स्फोटापूर्वी जवळजवळ तासभर त्या दालनाच्या वरच्या सज्जात होता, आणि तो सज्जा कॅमेऱ्यांच्या नजरेत येत नव्हता. पाठीवरच्या पिशवीच्या ओझ्याने तो वाकला होता. मुलांना न्यायला आलेल्या एका पालकाला संशय आला. त्याने हल्लेखोराला पिशवीत काय आहे असं सरळ विचारलं, आणि मग तिथल्या एका तरुण सुरक्षा कर्मचाऱ्याला जाऊन सांगितलं. तेव्हा स्फोटाला साधारण पाव तास होता. त्या मुलाला जागा सोडायची परवानगी नव्हती, हाताशी रेडिओ नव्हता. काही मिनिटांनी त्याने दुसऱ्या सहकाऱ्याला सांगितलं. तो 18 वर्षांचा. त्याने रेडिओवर नियंत्रण कक्षाला गाठायचा प्रयत्न केला, संपर्क झाला नाही. आपल्याला वंशद्वेष्टा म्हणतील ही धास्तीही त्याच्या मनात होती. बातमी नियंत्रण कक्षापर्यंत पोचलीच नाही.

संशय घेणारा माणूस तिथे होता, ऐकणाराही होता. संशय आणि कृती यांच्यामधली साखळी तेवढी कोणी कधी जोडून पाहिली नव्हती. मार्टिनचा कायदा बोट ठेवतो ते नेमकं या साखळीवर.

मार्टिनची आई फिगेन मरे या समुपदेशक. एवढा अनर्थ घडल्यावर सगळीकडे बंदोबस्त सुधारला असेल असं त्यांनी धरून चाललं होतं. पुढे त्या एका कार्यक्रमाला गेल्या आणि तिथे कोणी पिशवीसुद्धा पाहिली नाही. चौकशी केल्यावर कळलं, की पाहिलीच पाहिजे असा कायदाच नाही. त्यांनी 2019 साली संसदेच्या संकेतस्थळावर याचिका टाकली, आणि ज्या विषयाने मुलगा नेला त्याच विषयात, दहशतवादविरोधाच्या अभ्यासात, विद्यापीठात जाऊन पदव्युत्तर पदवी घेतली. मे 2024 मध्ये त्या मँचेस्टरहून लंडनला चालत निघाल्या. सुमारे 200 मैल चालून 22 मे रोजी, स्फोटाला सात वर्षं झाली त्याच दिवशी, त्या पंतप्रधानांच्या दारी पोचल्या. ऋषी सुनक त्यांना भेटले आणि त्याच दिवशी काही तासांनी त्यांनी सार्वत्रिक निवडणूक जाहीर केली. संसद विसर्जित होणार म्हणजे या कायद्याचं विधेयक लांबणार हे उघड होतं. सरकार बदललं आणि सप्टेंबरमध्ये नव्या सरकारने ते मांडलं. एका आईच्या हट्टाला दोन्ही मोठ्या पक्षांनी मान दिला, हे मला लोकशाहीचं फार मोठं काम वाटतं.

आता कायद्याची घडण. जिथे एका वेळी 200 ते 799 माणसं असण्याची रास्त शक्यता आहे अशा जागा पहिल्या थरात, आणि 800 किंवा जास्त असतील त्या वरच्या थरात. मोजताना कर्मचारीही धरायचे. प्रार्थनास्थळं कितीही मोठी असोत, पहिल्याच थरात. शाळाही तशाच. तिकीट किंवा आमंत्रण बघून आत सोडणारा 800 माणसांचा मोठा कार्यक्रम असेल तर त्यालाही कायदा लागू. प्रवेशावर कोणतंही नियंत्रण नसलेली मोकळी उद्यानं वगळली आहेत. सरकारच्या अंदाजाने पहिल्या थरात दीड लाखाच्या आसपास जागा येतात, वरच्यात 24 हजारांच्या आसपास. देखरेख सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटीकडे, म्हणजे आजवर पहारेकऱ्यांना परवाने देणाऱ्या संस्थेकडे. कर्तव्य चुकवलं तर पहिल्या थरात 10 हजार पौंडांपर्यंत दंड, वरच्या थरात 1 कोटी 80 लाख पौंड किंवा जगभरातल्या उत्पन्नाच्या 5 टक्के, यांत जे जास्त असेल तिथवर.

2023 च्या मसुद्यात खालची रेघ 100 वर होती. खेड्यातलं सभागृह चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी, छोट्या चर्चच्या समित्यांनी आणि संसदीय समितीनेही हे ओझं झेपायचं नाही असं सांगितलं, तेव्हा ती 200 वर गेली. व्यवहार म्हणून मला हे पटतं. तरी दीडशे माणसांच्या खोलीत बसलेल्या माणसाचा जीव कायद्याच्या नजरेबाहेर राहतो, ही बोचणी काही जात नाही.

पहिल्या थरातल्या जागेला कायदा एकही वस्तू विकत घ्यायला सांगत नाही. चारच कामांची रीत ठरवून ठेवा आणि ती तिथे काम करणाऱ्यांना माहीत असू द्या, एवढंच मागतो: माणसांना सुखरूप बाहेर काढणं, बाहेरचा धोका असेल तर आत सुरक्षित कोपऱ्यात नेणं, दारं लावून जागा बंद करणं आणि काय चाललंय ते लोकांना सांगणं. सरकारने याचा खर्च वर्षाला सरासरी 330 पौंडांच्या आसपास धरला आहे, आणि तोही बहुतांश माणसांच्या वेळेचा. वरच्या थराला याखेरीज नजर ठेवणं, येण्याजाण्याचं नियंत्रण, इमारतीची मजबुती आणि नकाशांसारख्या माहितीची गुप्तता यांचा विचार करून तो लेखी मांडावा लागतो, आणि संस्थेतल्या एका वरिष्ठ व्यक्तीने त्याची जबाबदारी घ्यावी लागते.

दोन्ही थरांना एक मर्यादा आहे: हे सगळं ‘वाजवीपणे शक्य असेल तितकं’ करायचं. ही पळवाट आहे असं वाटेल, पण या शब्दांना वजन आलं ते कोळशाच्या खाणीतून. वेल्समधल्या एका खाणीत ये-जा करायच्या वाटेची बाजू ढासळून एक कामगार गेला. 1949 साली त्या खटल्यात अपील कोर्टाचे न्यायमूर्ती ॲस्क्विथ यांनी कसोटी घालून दिली: तराजूच्या एका पारड्यात धोका ठेवा, दुसऱ्यात तो टाळायला लागणारा पैसा, वेळ आणि त्रास ठेवा, दुसरं पारडं फारच खाली गेलं तरच मालकाची सुटका. दोन्ही सारखी भरली तर खर्च करायचाच. त्या कामगाराच्या मृत्यूने घडलेलं मोजमाप नाट्यगृहाच्या दाराला लागू व्हावं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

आणि दाराची गोष्ट तर त्याहून जुनी.

16 जून 1883. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या सण्डरलँड शहरातला व्हिक्टोरिया हॉल. मुलांसाठी जादूचे वगैरे खेळ होते. शेवटी मंचावरून बक्षिसं वाटायला सुरुवात झाली आणि वरच्या गॅलरीतली शेकडो मुलं जिन्याने खाली धावली. जिन्याच्या तळाशी एक दार होतं, आतल्या बाजूला उघडणारं. एका वेळी एकच मूल जावं म्हणून ते थोडं किलकिलं ठेवून खिटी घातलेली होती. मागून येणाऱ्यांना पुढचं दिसत नव्हतं. 183 मुलं त्या जिन्यात गुदमरून गेली. सगळी 3 ते 14 वर्षांची. आग नव्हती, हल्ला नव्हता, दाराची दिशा तेवढी चुकली होती.

त्यानंतर सार्वजनिक इमारतींची दारं बाहेरच्या बाजूला आणि सहज उघडली पाहिजेत हा विचार कायद्यात रुजत गेला. 1892 मध्ये रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी अशा कडीचं पेटंट घेतलं, जी आतून अंगाच्या भाराने दाबली की सुटते. सिनेमागृहात दारावर कमरेच्या उंचीला जो आडवा दांडा दिसतो, त्याचं मूळ हे. घाबरलेल्या माणसाला कडी शोधायला लागू नये, त्याच्या नुसत्या लोटण्यानेच दार उघडावं. काय विलक्षण माया आहे या शोधात!

सव्वाशेहून अधिक वर्षं दाराला उघडण्याचं शिक्षण मिळालं. नवा कायदा त्याला झटकन बंद व्हायलाही शिकवतो, आणि आगीचे नियम जराही न मोडता. बाहेर सुरा घेतलेला माणूस असेल तर मोकळं दार हाच धोका. 3 जून 2017 रोजी लंडनच्या बरो मार्केटमध्ये तीन हल्लेखोर शिरले. कित्येक उपाहारगृहांनी दारं लावून रस्त्यावरच्या लोकांना आत घेतलं. पहिल्या फोननंतर जेमतेम आठ मिनिटांत सशस्त्र पोलिसांनी तिघांना ठार केलं. इतक्या चपळ पोलिसांनाही आठ मिनिटं लागतात. तेवढा वेळ जीव वाचवायचे ते तिथल्या वाढप्याने, गल्ल्यावरच्या मुलीने, दारावरच्या माणसाने. आपोआप सरकणाऱ्या काचेच्या दाराचं बटण कुठे आहे, ते बंद केल्यावर आतून उघडतं ना, किल्ली रात्रीच्या पाळीत कोणाकडे असते, या प्रश्नांची किंमत त्या आठ मिनिटांत कळते.

बाहेर पडतानाही माणूस विचित्र वागतो. चेंगराचेंगरीची भीती सगळ्यांना वाटते, पण अभ्यासकांना वारंवार दिसली ती दिरंगाई. 1973 मध्ये आइल ऑफ मॅनवरच्या समरलँड या करमणूक केंद्राला आग लागून 50 जण गेले. जोनाथन साइम या मानसशास्त्रज्ञाने वाचलेल्यांच्या जबान्या तपासल्या. माणसं जवळच्या दाराकडे न जाता ओळखीच्या दाराकडे आणि आपल्या माणसांकडे गेली होती. लेकरू हॉलच्या दुसऱ्या टोकाला असेल तर आई आधी तिकडे धावणार, दार कितीही जवळ असो. आराखडा काढणाऱ्याने या ओढीला चूक न म्हणता तिचा हिशेब धरायला हवा.

याच साइम यांनी गिलेन प्रू यांच्यासोबत न्यूकॅसलच्या मॉन्युमेंट या भुयारी मेट्रो स्थानकात एक सुंदर प्रयोग केला. वेगवेगळ्या प्रकारे सूचना देऊन स्थानक रिकामं करून पाहिलं. नुसती घंटा वाजवली तेव्हा प्रवासी बऱ्याच अंशी जागच्या जागी थांबून राहिले. कॅमेऱ्यात पाहून, काय झालंय ते खरं सांगून, कोणी कुठे जायचं हे माणसाच्या आवाजात सांगितलं तेव्हा स्थानक भराभर मोकळं झालं. खरं सांगितलं तर लोक घाबरतील हा जुना समज होता. खरं कळल्यावर लोक चालायला लागतात.

हे मुंबईकराला प्रयोगाविना ठाऊक आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन अतिरेकी गोळीबार करत फिरत होते. तेव्हा विष्णू झेंडे हे उद्घोषक आपल्या केबिनमध्ये बसून राहिले आणि प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडायचं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. स्टेशनात 50 हून अधिक माणसं त्या रात्री मारली गेली. तो आवाज नसता तर आकडा कुठवर गेला असता याची कल्पना करवत नाही. तिथून निघालेले दोघे कामा रुग्णालयात शिरले. परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारं लावली, 20 गरोदर बायकांना आतल्या लहानशा खोलीत नेलं. रात्रीतच एकीला कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या आधाराने प्रसूतिगृहात पोचवलं. बाहेर काढणं, आत नेणं, दार लावणं, सांगणं: ब्रिटिश कायद्यातली चारही कामं त्या रात्री मुंबईत दोन माणसांनी, कोणत्याही कायद्याविना, केली. एवढं धैर्य प्रत्येक ठिकाणी भेटेलच असं नाही. म्हणून ते धैर्य नसलेल्या माणसालाही जमेल अशी रीत आधी बसवायची, हा या कायद्याचा आधार आहे असं मी समजतो.

मुंबईचा ब्रिटनशी याहून थेट धागा आहे. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर ब्रिटिश पोलिसांनी बंदुका घेऊन फिरणाऱ्या हल्लेखोरांशी लढण्यासाठी ‘ऑपरेशन प्लेटो’ नावाचा आराखडा तयार केला. मँचेस्टरच्या रात्री हाच आराखडा लागू झाला, बाहेर आणखी हल्लेखोर असतील या शंकेने. पण ज्या पोलीस अधिकाऱ्याने तो जाहीर केला त्याने इतर यंत्रणांना ते कळवलंच नाही. कामाच्या ओझ्याखाली तो पिचून गेला होता. अग्निशमन दल दूर थांबलं आणि दोन तासांहून अधिक उशिरा पोचलं. पहिल्या 40 मिनिटांत सिटी रूममध्ये एकच पॅरामेडिक होता. जखमींना जाहिरातीचे फलक आणि लोखंडी कठडे यांवर निजवून लोकांनी खाली नेलं. सॉन्डर्स यांचा दुसरा खंड सांगतो, की मेलेल्यांपैकी एक तरुण वेळेवर उपचार मिळते तर बहुधा वाचला असता. रक्तस्राव थांबवायला डॉक्टर येईपर्यंत थांबता येत नाही. ते तिथल्याच माणसाला जमायला हवं.

मोठ्या जागांच्या मजबुतीबद्दल थोडंसं, कारण त्यातलं शास्त्र मोहक आहे. स्फोटाचा दाब अंतराबरोबर भराभर उतरतो. अंतर दुप्पट झालं तर तो निम्म्याच्याही पुष्कळ खाली येतो. म्हणून गाडी दारापासून चार पावलं लांब अडवणं हे भिंत जाड करण्याहून सरस ठरतं. आणि धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, तेव्हा येणाऱ्या रस्त्याला एक वळण दिलं तरी अर्धी लढाई जिंकली. लंडनमधल्या एमिरेट्स स्टेडियमबाहेर आर्सेनल क्लबचं नाव माणसाहून उंच काँक्रीटच्या अक्षरांत उभं आहे. चाहते त्यावर बसून फोटो काढतात. ती अक्षरं गाडी अडवण्यासाठीही आहेत.

कायद्याची कलमं लागू व्हायला संमतीपासून निदान 24 महिन्यांचा अवधी दिला आहे, म्हणजे एप्रिल 2027 च्या आधी नाही. तोवर ब्रिटनमधल्या मराठी मंडळींनाही याचा विचार करावा लागेल. लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासूनचं, त्याची स्वतःची वास्तू आहे. बाकी बरीच मंडळं गणपतीला आणि दिवाळीला शाळेचं सभागृह भाड्याने घेतात. तिथे दोनशेचा आकडा आरतीच्या वेळीच ओलांडला जातो. कर्तव्य सहसा जागा ताब्यात असलेल्या शाळेचं राहील, पण त्या संध्याकाळी दारापाशी उभा असेल तो मंडळाचा कार्यकर्ता. तेव्हा सभागृह ठरवताना भाडं आणि पार्किंगबरोबर आणखी काही विचारून घ्यावं: मागचं दार कुठे निघतं, ते आतून कुलूपबंद तर नसतं, पुढचं दार बंद करायची किल्ली कोणाकडे, मुलांना न्यायची आतली खोली कोणती, आणि निवेदन करणाऱ्याच्या हातात माईक असेल तेव्हा त्याला खबर कोण देणार.